‘ख्रिस्ती’ हे नावच गुन्हा का? प्लिनी आणि ट्रेजन यांच्या पत्रव्यवहाराचा प्रकरण अभ्यास

इ.स. 112 च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर एका रोमन प्रांताधिकाऱ्यापुढे काही माणसे उभी करण्यात आली. आरोप एवढाच होता, की ही माणसे ख्रिस्ती आहेत. अधिकारी मुरलेला वकील होता, तरी असा खटला त्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याने काहींना मरणदंडासाठी रवाना केले. त्यानंतर हे लोक करतात तरी काय, याची चौकशी केली. आणि शेवटी सम्राटाला पत्र लिहून विचारले, की शिक्षा नेमकी कशाची करायची?

आधी शिक्षा, नंतर चौकशी, शेवटी प्रश्न, हा उलटा क्रम ध्यानात ठेवूनच हे पत्र वाचायला हवे. ख्रिस्ती धर्माच्या उगमाविषयीचा पहिल्या शंभर वर्षांतला आपल्या हातातला जवळजवळ सगळा पुरावा आतल्या माणसांचा आहे: पौलाची पत्रे, चार शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये. बाहेरच्यांचे लेखन फार थोडे आहे. ज्यू इतिहासकार योसेफस इ.स. 93–94 मध्ये याकोबाची ओळख ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ’ अशी करून देतो. रोमन इतिहासकार टॅसिटस 116 च्या आसपास सम्राट नीरोच्या काळातल्या छळाविषयी लिहितो, पण ती घटना तेव्हा अर्धशतक जुनी झाली होती. जिवंत ख्रिस्ती माणसांना स्वतः प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदवणारा पहिला रोमन अधिकारी म्हणजे धाकटा प्लिनी. त्याचे पत्र हा त्याच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या पुस्तकातला 96 वा क्रमांक, आणि सम्राट ट्रेजनचे उत्तर 97 वा.

माणूस, प्रांत, तारीख

गायस प्लिनियस सेकुंदुसचा जन्म उत्तर इटलीतल्या कोमोचा, साल इ.स. 61 किंवा 62. मामा थोरला प्लिनी 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात वारला. भाच्याने रोमच्या न्यायालयांत नाव कमावले आणि 100 मध्ये तो कॉन्सल, म्हणजे रोममधला सर्वोच्च पदाधिकारी, झाला. बिथुनिया-पंत हा प्रांत त्याच्या ओळखीचा होता, कारण तिथल्या दोन माजी अधिकाऱ्यांवर, युलियस बास्सुस आणि वारेनुस रूफुस यांच्यावर, प्रांतातल्या लोकांनी फिर्याद केली तेव्हा बचावाला प्लिनीच उभा राहिला होता. प्रांताचा कारभार पार बिघडला होता. नगरांचे हिशेब लागत नव्हते, बांधकामे अर्धवट पडली होती, गटबाजी माजली होती. म्हणून एरवी सेनेटकडून अधिकारी जाणाऱ्या या प्रांतात ट्रेजनने खास अधिकार देऊन आपला माणूस धाडला.

मराठी पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना ही नावे नवी नाहीत. पेत्राचे पहिले पत्र ‘पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया व बिथुनिया’ इथे पांगलेल्यांना लिहिलेले आहे. आज हा मुलूख उत्तर तुर्कस्तानात येतो. निकोमेडिया म्हणजे इझमित, निकिया म्हणजे इझनिक, अमिसुस म्हणजे साम्सुन.

पत्रावर तारीख नाही, पण शेजारच्या पत्रांवरून ती बरीच जवळ आणता येते. प्लिनी प्रांतात पोचला 17 सप्टेंबरला, ट्रेजनच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. साल 109 ते 111 यांपैकी एक. 88 वे पत्र पुढच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आहे आणि 100 वे पत्र सम्राटाच्या कल्याणासाठी 3 जानेवारीला होणाऱ्या नवसांचे. पत्रे कालक्रमाने लावलेली आहेत असे धरले, तर 96 वे पत्र प्लिनीच्या दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर अखेर ते डिसेंबर या महिन्यांत बसते. जागेचा अंदाजही असाच करावा लागतो. 90 वे पत्र सिनोपच्या पाण्याविषयी आहे, 92 वे अमिसुसच्या मंडळांविषयी आणि 98 वे अमास्त्रिसच्या उघड्या गटाराविषयी. म्हणजे प्लिनी तेव्हा प्रांताच्या पूर्वेकडच्या पंत किनाऱ्यावर फिरतीवर होता. गावाचे नाव पत्रात दिलेले नाही. ‘अमिसुसचा खटला’ असे कोणी ठामपणे लिहिले असेल, तर तो तर्क आहे असे समजावे.

मंडळांची भीती

खटल्याकडे वळण्याआधी आणखी दोन पत्रे पाहणे भाग आहे, कारण प्लिनीच्या डोळ्यांवर कोणता चष्मा होता ते त्यांतून कळते. निकोमेडियात मोठी आग लागली, घरे जळाली, दोन सार्वजनिक इमारती जळाल्या. पाण्याचा पंप नव्हता, बादल्याही नव्हत्या, आणि लोक हात बांधून बघत राहिले. प्लिनीने 33 व्या पत्रात विचारले, की 150 कारागिरांचे अग्निशमन पथक उभारू का? ट्रेजनने नकार दिला. साधने ठेवा, पण मंडळ नको. नाव काहीही द्या, एका कामासाठी जमलेली माणसे लवकरच ‘हेताइरिया’ होतात, असे त्याचे म्हणणे. हेताइरिया म्हणजे आपसांत बांधिलकी मानणारी टोळी, राजकारण शिजवणारे मंडळ. 93 व्या पत्रात मात्र तो अमिसुसला गरिबांच्या मदतीची मंडळे चालवू देतो. कारण त्या नगराला तहान्वये स्वतःचे कायदे होते. इतर नगरांना ही मुभा नाही.

तेव्हा पहाटे जमणारे, शपथ घेणारे आणि एकत्र जेवणारे लोक अशा अधिकाऱ्यापुढे आले, तेव्हा ‘यांची श्रद्धा काय’ या प्रश्नाच्या आधी ‘हे मंडळ आहे का’ हा प्रश्न त्याच्या मनात आला असणार. प्लिनीचे पत्र धर्माचा अहवाल म्हणून वाचणारे बहुतेक वाचक इथे पहिली चूक करतात. पत्र लिहिले आहे ते सुव्यवस्थेच्या अडचणीविषयी.

प्लिनीचे प्रश्न

पत्राची सुरुवातच कबुलीने होते. ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांना मी कधी हजर नव्हतो, त्यामुळे शिक्षा कशाची आणि चौकशी किती खोल, हे मला ठाऊक नाही. या वाक्यात दोन गोष्टी आहेत. असे खटले आधी कुठेतरी झाले होते. आणि ते इतके सर्वपरिचित नव्हते, की रोमच्या नामांकित वकिलाला त्यांची रीत माहीत असावी. ‘ख्रिस्ती होणे हा गुन्हा’ असा सर्व साम्राज्याला लागू असलेला लेखी कायदा असता, तर प्लिनीने त्याचा हवाला दिला असता. एरवी जुन्या हुकमांचे दाखले देण्यात तो कसूर करत नाही.

मग तो तीन शंका मांडतो. वयाचा फरक करायचा का, म्हणजे कोवळ्या पोरांना आणि थोरांना एकच माप? पश्चात्ताप करणाऱ्याला माफी द्यायची का? आणि तिसरी, सगळ्यांत वजनदार: शिक्षा नुसत्या नावाची (त्याचे लॅटिन शब्द ‘नोमेन इप्सुम’), की त्या नावाला चिकटलेल्या दुष्कृत्यांची?

तिसऱ्या प्रश्नाचे मर्म कायद्यातले आहे. चोराने चोरी सोडली म्हणून जुन्या चोरीची शिक्षा टळत नाही. ख्रिस्ती लोक खरोखरच काही भयंकर करत असतील, तर ‘मी आता ख्रिस्ती नाही’ म्हणणाऱ्यालाही सोडता येणार नाही. उलट, सोडून देणाऱ्याला माफी असेल, तर गुन्हा कृत्याचा नसून आज ते नाव धारण करण्याचा ठरतो. प्लिनीला हा पेच दिसत होता. आपल्या मनातला कल माफीकडे आहे हेही तो लपवत नाही, कारण पत्राचा सगळा शेवट त्यासाठीच रचलेला आहे.

चौकशीची रीत

प्लिनीने वापरलेली पद्धत पत्रात पायरीपायरीने सांगितली आहे. तक्रार करून आणलेल्या माणसाला विचारायचे, ‘तू ख्रिस्ती आहेस का?’ हो म्हणाला तर शिक्षेची धमकी देऊन दुसऱ्यांदा विचारायचे, मग तिसऱ्यांदा. तरीही ठाम राहिला तर घेऊन जायचा हुकूम. लॅटिनमधले ‘दुची युस्सी’ हे शब्द नुसते ‘न्यायला सांगितले’ असे दिसतात, पण इथे त्यांचा अर्थ देहदंड असाच घेतला जातो, कारण रोमन नागरिकांना वेगळे काढून रोमला पाठवण्यासाठी त्यांची नावे लिहून ठेवल्याचे प्लिनी लगेच सांगतो. नागरिक आणि बिगरनागरिक हा भेद तेव्हा जिवावरचा भेद होता.

शिक्षेचे समर्थन तो कसे करतो ते नीट पाहावे. त्यांनी कबूल केलेली गोष्ट काहीही असो, त्यांचा हट्ट आणि न वाकणारा अडेलपणा शिक्षेला पात्र आहे याबद्दल मला शंका नव्हती, असे तो लिहितो. म्हणजे पहिल्या तुकडीच्या वेळी गुन्हा काय हे त्याला ठाऊकच नव्हते. अधिकाऱ्याने तीनदा विचारूनही माणूस वाकत नाही, एवढेच पुरेसे होते. रोमन न्यायपद्धतीत प्रांताधिकाऱ्याला ‘कोग्नितिओ’ म्हणजे स्वतः चौकशी करून स्वतः शिक्षा ठरवण्याचा मोकळा अधिकार होता, आणि नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत त्याला जवळजवळ मर्यादा नव्हती. कायदा मोडल्याचे सिद्ध न करता माणूस कसा मारला जाऊ शकतो, याचे उत्तर या अधिकारात आहे.

खटले सुरू झाले की तक्रारी वाढतात, हे प्लिनीनेही अनुभवले. एक निनावी अर्ज आला, त्यात पुष्कळ नावे. रोमन पद्धतीत सरकारी वकील नसे. फिर्यादीने स्वतः समोर यायचे, आणि आरोप खोडसाळ ठरला तर परिणामही त्यानेच भोगायचे. निनावी अर्जामुळे हा धोका नाहीसा होतो, आणि कोणीही कुणाचेही नाव घालू शकतो. तरीही प्लिनीने तो अर्ज चालवला. त्याच्या हातून घडलेली ही सगळ्यांत मोठी चूक, आणि उत्तरात ट्रेजनने नेमके तिच्यावर बोट ठेवले.

अर्जातल्या ज्यांनी ‘आम्ही ख्रिस्ती नाही, नव्हतो’ असे सांगितले, त्यांच्यासाठी प्लिनीने कसोटी ठरवली. तो सांगेल ते शब्द उच्चारून देवांना आळवायचे. देवांच्या मूर्तींसोबत मुद्दाम आणवलेल्या सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायचा. आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा. खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून यांपैकी काहीही जबरदस्तीने करवून घेता येत नाही, असे सांगतात, अशी पुस्ती तो जोडतो. ‘सांगतात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे त्याला कोणीतरी सांगितले होते, म्हणजे कसोटी त्याच्या डोक्यातून निघाली असली तरी तिच्यामागची माहिती आधीच फिरत होती. याच्या निदान पन्नास वर्षे आधी पौल करिंथकरांना लिहितो, की देवाच्या आत्म्याने बोलणारा कोणीही ‘येशू शापित असो’ असे म्हणत नाही.

सोडून गेलेल्यांची जबानी

यानंतर येतो पत्राचा सर्वांत जास्त उद्धृत केला जाणारा भाग. तो सर्वांत जास्त गैरवापरलाही जातो.

एका खबऱ्याने दिलेल्या नावांतले काही जण आधी ‘हो’ म्हणाले आणि मग फिरले: होतो, पण सोडले. कुणी तीन वर्षांपूर्वी, कुणी बऱ्याच वर्षांपूर्वी, एखादा तर वीस वर्षांपूर्वी. सगळ्यांनी प्रतिमेची पूजा केली, ख्रिस्ताला शाप दिला. आणि आपली चूक एवढीच होती असे सांगितले: ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमायचे, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने ‘कार्मेन’ म्हणायचे, आणि शपथ घ्यायची. शपथ एखाद्या दुष्कृत्याची नव्हे, तर चोरी, लूट व व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची आणि कोणी मागितल्यावर त्याची ठेव न नाकारण्याची. मग पांगायचे, आणि पुन्हा एकत्र येऊन जेवायचे, पण जेवण साधे आणि निरुपद्रवी. तेही प्लिनीने मंडळबंदीचा हुकूम काढल्यावर सोडून दिले.

ही माहिती कोणत्या तोंडून आली? धर्म सोडलेल्यांच्या. त्यांतल्या काहींच्या आठवणी वीस वर्षे जुन्या. समोर मृत्युदंडाची शक्यता, त्यामुळे ‘आम्ही काही वाईट केले नाही’ हे सांगण्याची निकड. जबानी बहुधा ग्रीकमध्ये झाली, ती प्लिनीने लॅटिनमध्ये आणि वकिलाच्या भाषेत आटोपशीर केली. शिवाय प्लिनीलाही हे लोक निरुपद्रवी ठरलेले हवे होते. म्हणजे सांगणारा आणि लिहिणारा, दोघांचा कल एकाच दिशेला. असे असताना यात जे आहे ते बरेचसे विश्वासार्ह धरता येते, कारण ते आतल्या पुराव्याशी जुळते. पण जे नाही त्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचा उल्लेख नाही म्हणून तो विधी तिथे नव्हता, असे म्हणता येणार नाही. ‘शरीर’ आणि ‘रक्त’ हे शब्द अशा अधिकाऱ्यापुढे कोण उच्चारेल? ‘साधे आणि निरुपद्रवी’ यामागे तर नरमांस खाल्ल्याच्या अफवांना दिलेले उत्तर ऐकू येते.

काही शब्दांवर थांबायला हवे. ‘ठरलेला दिवस’ एवढेच पत्र म्हणते, ‘रविवार’ म्हणत नाही. रविवारी जमण्याचे सविस्तर वर्णन सुमारे चाळीस वर्षांनी ख्रिस्ती लेखक युस्तिनुस करतो, त्यावरून इथेही रविवार असावा हा अंदाज सयुक्तिक आहे, पण तो अंदाजच. उजाडण्यापूर्वीची वेळ सहज समजते. आठवड्याची सुट्टी रोमन जगात नव्हती, त्यात यांच्यात गुलाम आणि कामकरी, तेव्हा कामाच्या आधी आणि कामानंतर एवढ्याच वेळा मोकळ्या.

‘कार्मेन’चे भाषांतर सरसकट ‘स्तोत्र’ होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गीत, ठरीव शब्दांचा मंत्र, अगदी जादूचा मंत्रही होतो. आळीपाळीने म्हटलेले, म्हणजे एका बाजूने ओळ आणि दुसऱ्या बाजूने तिचे उत्तर. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात (2:6–11) असा तालबद्ध उतारा आहे, आणि तो आधीपासून गायला जाणारा असावा असे बरेच अभ्यासक मानतात. ‘देव मानून’ यासाठी मुळात ‘क्वासी देओ’ आहे. त्यात प्लिनीची शंका डोकावते की ते नुसते ‘देवाला म्हणावे तसे’ आहे, हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही. तरीही एवढे नक्की, की येशूच्या मृत्यूनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, यरुशलेमपासून सरळ रेषेत हजारेक किलोमीटरवर, साधी माणसे त्याला उद्देशून उपासना करत होती, आणि हे त्या उपासनेशी काही देणेघेणे नसलेल्या माणसाने लिहून ठेवले. ख्रिस्ताचे देवत्व ही चौथ्या शतकातल्या निकियाच्या परिषदेने घडवलेली गोष्ट, असे अजूनही पुष्कळदा वाचायला मिळते. ती परिषद 325 ची, आणि निकिया याच प्रांतातले नगर. दोनशे वर्षे आधीचे हे पत्र तो दावा मोडून काढते.

शपथेसाठी शब्द आहे ‘साक्रामेन्तुम’. सैनिक सेनापतीला देतो त्या शपथेला हाच शब्द. पुढे लॅटिन ख्रिस्ती लेखकांनी तो धर्मविधीसाठी घेतला, आणि पोर्तुगिजांमार्फत तो गोव्यात व वसईत ‘साक्रामेंत’ म्हणून येऊन राहिला. प्लिनीच्या कानाला मात्र त्यात कटाची शपथ ऐकू आली असती, म्हणूनच जबानी देणारे ‘दुष्कृत्याची नव्हे’ असे आधीच बजावतात. ठेवीचा मुद्दाही उगाच आलेला नाही. विश्वासाने सोपवलेला पैसा किंवा वस्तू नाकारणे हा रोजच्या व्यवहारातला गंभीर विश्वासघात होता, आणि वचनामागे बहुधा साक्षीदारही नसे. दहा आज्ञांतल्या चोरी आणि व्यभिचाराच्या शेजारी हा बाजारपेठेतला नियम बसलेला पाहिला, की ही माणसे कोणत्या थरातली होती त्याची चाहूल लागते.

दोन सेविका

जबानीवर प्लिनीचा विश्वास बसला नाही. खरे काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ करवला. त्यांना ‘मिनिस्ट्राए’ म्हणत, असे तो लिहितो. रोमन न्यायात गुलामाची साक्ष सामान्यतः छळ करूनच घेतली जाई, मालकाच्या धाकापुढे खरे बाहेर येण्याचा तोच मार्ग असे मानत. प्लिनी हे एका वाक्यात उरकतो, त्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही. त्यांची नावे त्याने नोंदवली नाहीत.

‘मिनिस्ट्राए’ हे ग्रीक ‘दियाकोनोस’चे लॅटिन रूप असावे. पौलाच्या रोमकरांस पत्रात किंख्रिया इथल्या फिबीला हाच ग्रीक शब्द लावला आहे, आणि मराठी भाषांतरात ती ‘मंडळीची सेविका’ होते. पत्रातला लॅटिन शब्द ठरीव पद सांगतो की नुसती सेवा, यावर वाद आहे. पण ‘म्हणत असत’ या क्रियापदावरून ते त्या गटाच्या आतले नाव होते असे दिसते, आणि प्लिनीने नेमक्या याच दोघींना निवडले, म्हणजे गटाची आतली माहिती यांच्याकडे आहे असे त्याला वाटले. दासी असलेल्या स्त्रिया गटात जबाबदारीच्या जागी होत्या. माझ्या मते संपूर्ण पत्रातली हीच सर्वांत मोलाची नोंद आहे, कारण ती ना प्लिनीच्या सोयीची आहे ना जबानी देणाऱ्यांच्या.

छळातून निघाले काय? ‘विकृत आणि अतिरेकी अंधश्रद्धा’, बाकी काही नाही. म्हणजे दुष्कृत्ये सापडली नाहीत.

देवळे आणि मांस

इथे प्लिनीने सुनावणी थांबवली आणि सम्राटाला लिहिले. याचे कारण म्हणून त्याने आरोपींची संख्या पुढे केली आहे: सर्व वयांचे, सर्व दर्जांचे, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, नगरांतच नाही तर गावांत आणि शेतवस्त्यांतही. आकडा मात्र एकही नाही. हा भाग दाखवून ‘प्रांत निम्मा ख्रिस्ती झाला होता’ असे लिहिणे म्हणजे विनंतीअर्जातल्या भाषेला जनगणना समजणे. माफीला मंजुरी हवी असेल, तर पुष्कळ माणसे धोक्यात आहेत हे सांगणे प्लिनीच्या फायद्याचे होते.

लगेच तो चांगली बातमीही देतो. ओस पडू लागलेल्या देवळांत लोक परतू लागलेत, खंडित झालेले विधी पुन्हा सुरू झालेत, आणि बळीचे मांस पुन्हा विकले जाते आहे. त्याला आजवर गिऱ्हाईक क्वचित मिळे. (मांसाचा शब्द संपादकांनी मूळ पाठ दुरुस्त करून घातलेला आहे. वाक्याचा रोख तोच राहतो.) ग्रीक नगरांत देवळात कापलेल्या जनावराचे मांस बाजारात येत असे, आणि त्यावर पुजारी, खाटीक, पशुपालक यांचे पोट होते. मूर्तीला दाखवलेले मांस खावे की नाही, या प्रश्नावर पौलाला करिंथकरांसाठी दोनतीन अध्याय खर्ची घालावे लागले. तक्रारी कोणी केल्या हे प्लिनी सांगत नाही, पण ज्यांचा धंदा बसला होता त्यांच्याकडे पाहणे स्वाभाविक आहे. इफिसात देमेत्रिय सोनाराने पौलाविरुद्ध लोक भडकवले, ते रुप्याच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल म्हणून, हे प्रेषितांच्या कृत्यांतही नोंदवलेले आहे.

पत्रात ज्यूंचा उल्लेख कुठेच नाही, हेही नजरेतून सुटू नये. ज्यू लोक देवांना बळी देत नाहीत हे रोमन राज्याने त्यांचा पूर्वजांचा रिवाज म्हणून चालवून घेतले होते. येशू ज्यू, त्याचे पहिले अनुयायी ज्यू, आणि पंतचा रहिवासी अक्विल्ला, जो पौलाचा सहकारी झाला, तोही ज्यूच. पण प्लिनीपुढच्या माणसांना तो आडोसा उरला नव्हता. बहुधा ते बिगरयहूदी घरांतून आलेले, कालपर्यंत त्याच देवळांत जाणारे, आणि म्हणूनच शेजाऱ्यांना त्यांचे न येणे खुपणारे. मौनावरून काढलेला हा तर्क आहे, तरी देवळे ओस पडण्याच्या तक्रारीशी तो जुळतो. नावही तेच सांगते. ‘ख्रिस्ती’ हे नाव सिरियातल्या अंत्युखिया नगरात पडले. पौल ते एकदाही वापरत नाही, आणि सबंध नव्या करारात ते तीनदाच येते. त्यांतले एक स्थळ याच प्रांतांना लिहिलेल्या पेत्राच्या पत्रात आहे, आणि तेही ‘ख्रिस्ती म्हणून’ दुःख भोगण्याच्या संदर्भात.

ट्रेजनचे उत्तर

उत्तर अगदी थोडक्यात आहे. प्रिय सेकुंदुस, तू योग्य रीतीने वागलास. सगळीकडे लागू होईल असा एकच ठोकळ नियम घालता येत नाही. त्यांना शोधत फिरायचे नाही. समोर आणले गेले आणि सिद्ध झाले तर शिक्षा करायची. मात्र जो ख्रिस्ती असल्याचे नाकारेल आणि आमच्या देवांची पूजा करून ते दाखवून देईल, त्याचा भूतकाळ कितीही संशयास्पद असो, त्याला पश्चात्तापामुळे माफी. आणि निनावी अर्जांना कोणत्याही आरोपात जागा नाही, तो अत्यंत वाईट पायंडा आहे, आमच्या काळाला न शोभणारा.

प्लिनीच्या तीनपैकी एका प्रश्नाचे, पश्चात्तापाचे, उत्तर सरळ मिळाले. वयाच्या प्रश्नावर एक अक्षरही नाही. ‘नाव की कृत्य’ हा प्रश्न ट्रेजन उघडपणे हाताळत नाही, पण माफीचा नियम घालून देताना आपोआप ‘नाव’ हे उत्तर देऊन बसतो. आणखी एक बारकावा: प्लिनीने कसोटीत सम्राटाची प्रतिमा घातली होती, ट्रेजनने उत्तरात फक्त ‘आमचे देव’ म्हटले, स्वतःचे नाव गाळले. म्हणून हा खटला सम्राटपूजा नाकारल्याचा होता, हे नेहमीचे वर्णन तोकडे पडते. प्रतिमा हे प्लिनीने वापरलेले एक साधन होते, तेही आरोप सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर सुटका करण्यासाठी.

अस्सलपणा

दहाव्या पुस्तकाचे हस्तलिखित एकच होते. पॅरिसमधले ते हस्तलिखित इटालियन विद्वान जोकोंदो याला 1500 च्या सुमारास मिळाले. त्यावरून 1502 मध्ये 41 ते 121 ही पत्रे छापली गेली आणि 1508 मध्ये व्हेनिसचा मुद्रक आल्दुस याने पूर्ण पुस्तक काढले. नंतर ते हस्तलिखित हरवले, त्याची जी सहा पाने उरली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकांची. त्यामुळे पत्र बनावट असल्याची शंका अधूनमधून घेतली जाते. तिला उत्तर तेर्तुलियनकडे आहे. कार्थेजचा हा ख्रिस्ती लेखक 197 मध्ये दोन्ही पत्रांचा सारांश देतो, आणि देताना चुकतोही: शपथेच्या यादीत तो खून घालतो, जो प्लिनीत नाही, आणि ठेवीचा मुद्दा गाळतो. स्मरणातून किंवा घाईने सांगणाऱ्याच्या अशा चुका होतात. शिवाय एखाद्या ख्रिस्ती माणसाने पत्र रचले असते, तर सम्राटाच्या प्रतिमेसमोर धूप जाळून ख्रिस्ताला शाप देणाऱ्यांची एवढी गर्दी त्यात घातली नसती.

ट्रेजनच्या आदेशातली विसंगती तेर्तुलियननेच सर्वांत धारदारपणे दाखवली. शोधू नका म्हणता, म्हणजे निर्दोष समजता. शिक्षा करा म्हणता, म्हणजे दोषी समजता. वकिली युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे. पण पंतच्या एखाद्या खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने ‘शोधू नका’ या शब्दांत मोठी जागा होती. शेजाऱ्याशी भांडण होईपर्यंत, किंवा देवळाच्या खाटकाचा धंदा बसेपर्यंत, तो जगू शकत होता.

पुढच्या सम्राटाने, हेड्रियनने, आसियाचा प्रांताधिकारी मिनुसियुस फुंदानुस याला लिहिलेल्या पत्रात हीच चौकट पुढे नेली: जमावाची ओरड चालणार नाही, फिर्यादीने समोर येऊन आरोप सिद्ध करावा. ही चौकट टिकली सुमारे 140 वर्षे. 249 च्या अखेरीस सम्राट डेसियसने साम्राज्यातल्या सर्व रहिवाशांना देवांना बळी द्यायचा हुकूम काढला. प्लिनीने काही संशयितांवर वापरलेली कसोटी आता प्रत्येकावर आली आणि ‘शोधू नका’ची अट उडाली. इजिप्तच्या वाळूत त्या वेळचे चाळीसहून अधिक पपायरस सापडले आहेत. त्यांत अर्जदार लिहितो, की मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर दिला, द्राक्षारस ओतला, बळीचे मांस चाखले, तरी खाली सही करावी. या कागदाचे नाव ‘लिबेल्लुस’. प्लिनीपुढे आलेल्या निनावी अर्जालाही हाच शब्द होता. फरक एवढाच, की यावर माणसाचे नाव असायचे, बापाचे आणि गावाचेही, आणि खाली साक्षीला अधिकारी.